मामीच्या शब्दांचं बिऱ्हाड

९ जानेवारी

चि. तुडतुडी,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू "मामा, इथे राइट क्लिक कर, तिथे उघड, कळलं ना?" म्हणतेस, मी "हो हो" म्हणतो, आणि फोन ठेवला की माझी पाटी कोरी. म्हणून या वेळी लिहून पाठव. कागद कीबोर्डला टेकवून ठेवता येतो, आणि कागदाला "पुन्हा सांग" म्हणायची लाज वाटत नाही.

अडचण अशी. आपला कॉम्प्युटर गेले कित्येक दिवस "जागा संपली, जागा संपली" म्हणून कुरकुरतोय. परवा दुरुस्तीवाला आला, पोटात आणखी एक डिस्क बसवली आणि "आता तुमच्या फाइली तिकडे हलवून घ्या" म्हणून निघून गेला. मी नवी डिस्क उघडून बघितली. भली मोठी आहे आणि रिकामी ठणठणीत. आता गंमत बघ. आयुष्यभर मी लोकांची बिऱ्हाडं हलवली. गोल जिन्यावरून पियानो खाली उतरवलाय, भिंतीला ओरखडा न पाडता. पण हे सामान मला हलत नाही. धरायला कान नाही, कोपरा नाही, वजन नाही. कुठून हात घालायचा?

सामान म्हणशील तर तुझ्या मामीचे फोटो. बरेच आहेत. किटलीचेच दहा-बारा असतील. शिवाय चपला, दार, खिडकी, उशी वगैरे. आणि माझे काही व्हिडिओ: मी चालताना, बसताना, पाणी पिताना.

"मामा, मी इथूनच करून देते" हा तुझा नेहमीचा मार्ग बंद आहे. या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेलं नाही आणि जोडणारही नाही. मध्येच काहीतरी उड्या मारत पडद्यावर येतं आणि मामी घाबरते. ती तशी बरी आहे. आजारपणानंतर बोलणं जरा कमी झालंय, एवढंच. तुझं नाव काढलं की हसते.

जरा लवकर लिही. हल्ली कॉम्प्युटर काम करता करता मध्येच गप्प होतो आणि बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. एके दिवशी उठलाच नाही तर माझी पंचाईत होईल.

तुझा,
मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारच्या टेबलावरची बाई विचारायला लागली की पगार वाढला का. इथे दिवसभर लोक मला बोलावतात ते "काहीतरी झालंय" एवढंच सांगून. काय झालंय हे इतकं नीट लिहून देणारा माणूस मला नोकरी लागल्यापासून भेटलेला नाही. तेव्हा पैकीच्या पैकी गुण.

पण मामा, हलवायच्या आधी जरा आवराआवर कर. "आधी सामान कमी करा, मग गाडी बोलवा" हे तूच आईला सांगायचास, आठवतं? आणि आता एका किटलीचे दहा-बारा फोटो! एक ठेव, बाकीचे काढून टाक. तुझे पाणी पितानाचे व्हिडिओही गेले तरी चालतील. तू एके काळी रुबाबदार होतास हे मान्य, पण ते बघायला आता तिकीट काढून कुणी येणार नाही. एवढं केलंस तर कदाचित दुसऱ्या डिस्कची गरजही पडणार नाही.

आवरून झालं की कळव, मग पुढचं सांगते. आणि मामीला एकदा फोनवर दे ना. दर वेळी "झोपलीय" म्हणतोस. एवढी झोपाळू नव्हती ती.

तुझी,
तुडतुडी


२८ जानेवारी

चि. तुडतुडी,

किटलीला हात लावायचा नाही.

आता खरं सांगतो. मामीचं बोलणं कमी झालेलं नाही, बंद झालंय. आजारातून उठली तेव्हापासून एक शब्द तोंडातून निघालेला नाही, उजवा हातही चालत नाही. समजतं सगळं. पूर्वीसारखंच, माझ्यापेक्षा जास्तच. पण शब्द आत कुठेतरी अडकून बसलेत. तुझ्या आईला कळवलं असतं तर ती दुखरे गुडघे घेऊन धावत आली असती, म्हणून कुणालाच बोललो नाही. फोनवर "झोपलीय" म्हणायचो तेव्हा ती माझ्या शेजारीच बसून तुझा आवाज ऐकत असायची.

थेरपीच्या बाई येतात. फार जीव लावून शिकवतात. त्यांनी सुरुवातीला चित्रं दिली होती. कॉम्प्युटरवर चौकोन दिसतात, चौकोन दाबला की शब्द ऐकू येतो. पण त्यातली किटली कुणा तिऱ्हाइताची. मामीने ती बघितली आणि तोंड फिरवलं. तिचंही बरोबर होतं. जन्मभर ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवली तिने, ती दुसऱ्याची किटली आपली कशी म्हणेल? मग मी आमच्याच किटलीचा फोटो काढला आणि माझ्या आवाजात "किटली" म्हणून भरलं. तिने दाबलं, माझा घोगरा आवाज आला, आणि ती किती दिवसांनी खळखळून हसली म्हणून सांगू!

तिथून सुरू झालं. रिकामी किटली म्हणजे पाणी भरा. वाफ येणारी म्हणजे गरम आहे, जपून. दोन कपांशेजारची म्हणजे कुणीतरी आलंय. पालथ्या कपाशेजारची म्हणजे मला नको. आता कळलं दहा-बारा का? आणि चालणं, पिणं, बसणं हे फोटोत दिसत नाही, ते करूनच दाखवावं लागतं. म्हणून ते व्हिडिओ. डिस्क त्यांनीच भरली. रुबाबासाठी केलेले नाहीत, तरी रुबाबदार आलेत असं माझं मत आहे.

आणि ती त्यातून काय काय जुळवते बघ. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले ते उठेचनात. त्यांच्या गुडघ्यांपासून सुरू झालं ते नातवाच्या परीक्षेपर्यंत आलं. मामीने शांतपणे दोन चौकोन दाबले. माझ्या आवाजात, चांगलं खणखणीत: "चपला. दार." मी जमिनीत गडप व्हायचा बाकी होतो. ते मात्र पोट धरून हसले आणि उठले. तुडतुडे, अशी बाई मी दुसरी बघितली नाही. शब्द सगळे गेले तरी तिचा टोला जागच्या जागी आहे.

फक्त काही शब्दांचा फोटो निघत नाही. "उद्या" निघत नाही. "का" निघत नाही. आणि "थांबा" निघत नाही. हा शब्द तिचा होता. गाडी भरून व्हायची, इंजिन सुरू व्हायचं, आणि रिकाम्या घराच्या दारातून तिची हाक यायची, "थांबा!" अख्खी गल्ली थांबायची. तो शब्द तिला परत द्यावा असं फार वाटतं, पण कॅमेरा कशावर धरू?

तर हे असं सामान आहे. एकही वस्तू कमी होणार नाही आणि एकही फुटता कामा नये. कसं हलवायचं ते सांग.

मामा


६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग बाहेर जाऊन एक चक्कर मारून आले. काय लिहू? इथे माझ्या ओळखीत मोठमोठ्या पगाराची, हुशार माणसं आहेत, पण बायकोसाठी तिची सगळी भाषा एकेक फोटो काढून पुन्हा रचणारा माणूस मला फक्त एकच माहीत आहे आणि तो माझा मामा आहे. तुझा मला अभिमान वाटतो. पाणी पितानाचा व्हिडिओ मलाही बघायचाय. तिकीट काढून.

मामीचं "थांबा!" माझ्या कानात अजून आहे. आम्ही घर बदललं तेव्हा मी लहान होते. सगळं गाडीत चढलं, तू माणसांना बसायला सांगितलंस आणि ती दारातून ओरडली. मग आत जाऊन झाडून गोळा केलेल्या कचऱ्याच्या ढिगाजवळ बसली आणि हाताने तो पसरून बघायला लागली. कागद, धूळ, दोऱ्या, आणि त्यातून तिने माझ्या बाहुलीचा बूट काढला. नखाएवढा. हरवलाय हे मलासुद्धा माहीत नव्हतं. मला म्हणाली, "कचरा बघितल्याशिवाय घर सोडायचं नसतं, बाळा." तो बूट अजून माझ्याकडे आहे.

आता काम. पाकिटात एक पेन ड्राइव्ह चिकटवलाय. सगळ्यात आधी मामीचं सगळं त्याच्यावर कॉपी कर. ते झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग नव्या डिस्कवर एक फोल्डर तयार कर आणि त्याला मामीचं नाव दे. आता कॉम्प्युटरमध्ये डावीकडे "पिक्चर्स" दिसतं, तुझे सगळे फोटो, व्हिडिओ आणि भरलेले आवाज त्यातच आहेत ना? त्याच्यावर उजवं बटण दाब, सगळ्यात खाली प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन, आणि तिथे मूव्ह. नव्या डिस्कवरचं मामीचं फोल्डर दाखव आणि ओके कर. तो विचारेल, सगळं तिकडे नेऊ का? "येस" म्हण आणि हात मागे घे. एक हिरवी पट्टी भरत जाईल. ती भरेपर्यंत कशालाही हात लावू नकोस, वरचे गृहस्थ आले तरी. असं केलं की कॉम्प्युटरला नवा पत्ता आपोआप कळतो आणि मामीच्या चौकोनांना काही समजावून सांगावं लागत नाही. शेवटी जुनी जागा मोकळी झालीय का बघ आणि मला कळव.

"थांबा"साठी सिग्नलचा लाल दिवा चालेल का? किंवा हात आडवा धरलेला पोलीस?

मामीला माझा गालगुच्चा.

तुझी,
तुडतुडी


११ मार्च

मामा,

काय चाललंय? पत्र नाही. फोन केला तर "सगळं झकास, मग बोलू" म्हणून ठेवून देतोस. तुझं "झकास" मी ओळखते. कपाट पायावर पडलं होतं तेव्हाही तू झकासच होतास.

फाइली हलवताना काही गडबड झाली का? झाली असेल तर सांग, मी रजा काढून येते. माझं काही लिहायचं राहिलं का, या विचाराने मला काम सुचत नाही. दोन ओळी टाक. खऱ्या.

तुडतुडी


२० मार्च

चि. तुडतुडी,

खऱ्या ओळी लिहितो. दोनात मावणार नाहीत.

पेन ड्राइव्ह मिळाला. वापरला नाही. रागावू नकोस, आधी ऐक. आमच्या धंद्याचा पहिला नियम: सामान एकदाच उचलायचं. जितक्या वेळा उचलाल तितक्या वेळा काहीतरी फुटतं. मला वाटलं, आधी त्या एवढ्याशा काडीवर चढवा, मग डिस्कवर चढवा, ही फुकटची उचलठेव कशाला? म्हणून ती पायरी गाळली आणि थेट हलवायला घेतलं.

दुपार होती. मामी शेजारी खुर्चीत बसली होती. तू लिहिलंस तसं सगळं केलं. हिरवी पट्टी भरली. नव्या डिस्कवर जाऊन बघितलं तर किटल्या, चपला, मी, सगळे जागच्या जागी. मी मामीला म्हटलं, "बघ, ओरखडा नाही!" तिने मान डोलावली. मग तू सांगितलंस तसं जुनी जागा मोकळी झालीय का बघायला गेलो. डावीकडे तेच "पिक्चर्स" उघडलं. आणि तिथे सगळं जसंच्या तसं!

मला वाटलं, नव्या घरी एक पोचलंय आणि जुन्या घरी एक मागे राहिलंय. आता आमच्या धंद्याचा दुसरा नियम तुला माहीत आहे. जुनं घर झाडून स्वच्छ करून दिल्याशिवाय किल्ली परत करायची नाही. मी सगळं निवडलं आणि डिलीट दाबलं. त्याने विचारलं, खात्री आहे का? मला राग आला. तिसरी पिढी बिऱ्हाडं हलवतेय, आणि हा मला विचारतो! "येस" म्हटलं.

मग ऐटीत नव्या डिस्कवर गेलो. रिकामी ठणठणीत.

तुला आता वाचतानाच कळलं असेल. त्या दोन खोल्या नव्हत्या. एकाच खोलीची दोन दारं होती. जुन्या दारातून झाडू मारला आणि नव्या घरातलं सगळं झाडून काढलं.

मामीने चौकोन उघडले. सगळे करडे. तिने किटली दाबली. आवाज नाही. मग माझा चौकोन दाबला. आवाज नाही. मी म्हटलं, "गेलं गं सगळं. मी घालवलं." तुडतुडे, आजाराने एकदा तिची वाचा नेली आणि आता दुसऱ्यांदा मी नेली, माझ्या या हातांनी, एवढंच डोक्यात होतं. तुला फोन करावा म्हणून कसाबसा उठलो आणि दाराकडे निघालो.

मागून आवाज आला, "थांबा!"

आधी वाटलं, कॉम्प्युटर बोलला. पण तो बोलला असता तर माझ्या आवाजात बोलला असता. हा गंजलेल्या बिजागरीसारखा होता, पण तिचा होता. मी वळलो. तिने डाव्या हातात माउस घेतला होता आणि तो बाण थरथरत, अडखळत पडद्याच्या कोपऱ्याकडे नेत होती. तिथे एक कचऱ्याची टोपली असते बघ. मी ती शोभेची समजत होतो. इतक्या दिवसांत कधी उघडली नव्हती. तिने उघडली.

सगळे आत होते. किटल्या, चपला, उशी, आणि मी पाणी पिताना.

तिने माझ्याकडे असं बघितलं की, आता तुम्ही उचला, मी शोधून दिलं. टोपलीतच "रीस्टोअर" म्हणून होतं, ते दाबलं. पट्टी भरली. तिने किटली दाबली आणि माझा घोगरा आवाज खोलीत घुमला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. वाचा गेली, उजवा हात गेला, पण कचरा बघितल्याशिवाय घर सोडायचं नाही ही तिची सवय कुणाला नेता आली नाही. मी तिच्या पाया पडायचा बाकी होतो. तिने पडू दिलं नाही, एवढंच.

आता लिहायला उशीर का झाला ते. थेरपीच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मोठा धक्का बसला की एखादा शब्द असा उडी मारून बाहेर येतो. पुन्हा येईल, कदाचित येणारही नाही. मागे लागू नका. मला वाटलं, पुन्हा आला की मगच तुला कळवू, उगीच तुझ्या आशेला खतपाणी नको. रोज सकाळी उठलो की वाट बघतो, पण तिला कळू देत नाही. तिला कळतंच म्हणा. अजून आलेला नाही.

मामा


२९ मार्च

प्रिय मामा,

चूक माझी आहे, नियम तुझे बरोबर होते. "एकाच खोलीला दोन दारं दिसतील, घाबरू नकोस" एवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं. आणि मामीबद्दल काय बोलू! माझ्या ऑफिसात रडकुंडीला आलेली माणसं रोज येतात, आणि त्या टोपलीत आधी बघावं हे त्यातल्या निम्म्यांना सुचत नाही. तिला सुचलं, आणि तेही अशा वेळी. तिला म्हणावं, माझ्याकडे नोकरीला ये.

आता त्या पेन ड्राइव्हवर कॉपी कर. आज, लगेच. आणि मामा, कॉपी म्हणजे उचलणं नव्हे. सामान जागचं हलतही नाही, त्याच्यासारखं दुसरं तयार होतं. तुझ्या धंद्यात असं सामान कधी नव्हतं, म्हणून तुला ते खरं वाटत नाही.

आणखी एक. माझं डोकं कॉम्प्युटरपुरतंच चालतं, तेव्हा आधी बाईंना विचार. पण मला राहून राहून वाटतं, मामीने तो शब्द कधी कुणी "म्हण" म्हटलं म्हणून म्हटलाच नाही. कुणीतरी कचरा न बघता निघालं की तो तिच्या तोंडून यायचा. माझ्या बाहुलीच्या वेळी तसाच आला आणि त्या दुपारीही तसाच आला. मग तिला बोलायला सांगूच नकोस. तू आपलं काम कर. तिच्यासमोर खोली झाड, कचरा भर आणि न बघता नीघ. आधी कॉम्प्युटरचं रेकॉर्डिंग तेवढं सुरू करून ठेव.

आला नाही तर निदान खोली स्वच्छ होईल.

तुझी,
तुडतुडी


१४ एप्रिल

चि. तुडतुडी,

बाईंना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, भाचीला म्हणावं करून बघायला हरकत नाही, फक्त एकदाच. म्हणून काल सकाळी केलं.

कॉपी आधीच केली होती. दोनदा. त्या काडीकडे बघून बघून माझा विश्वास बसेना, मग बसला. रेकॉर्डिंग सुरू केलं, झाडू घेतला आणि मामीसमोर सगळी खोली झाडली. टेबलावरचे कागदाचे कपटे खाली ढकलले, टेबलाखाली शिरलो, कोपरे काढले. ढीग केला, सुपलीत भरला आणि शीळ घालत दाराकडे निघालो. शीळ घालायची गरज नव्हती, पण नाटक म्हटलं की थोडं जास्तच होतं माझ्याकडून.

काही नाही. दारात पोचलो. काही नाही. उंबरा ओलांडला. पाठीमागे शांत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मला स्वतःचीच कीव आली. सुपली घेऊन शीळ घालणारा म्हातारा, आणि आत खुर्चीत त्याची बायको, तिला त्याची ही सोंगं चांगली ठाऊक असलेली. म्हटलं, पुरे. आता जाऊन खरोखरच कचरा टाकून येऊ.

"थांबा!"

अगं, जिना हलला. त्या दिवसासारखा गंजलेला नव्हता. खरा, जुना, गाडी अडवणारा. मी आत आलो तेव्हा ती खुर्चीला धरून उभी होती आणि रागाने सुपलीकडे बोट दाखवत होती. मी सुपली खाली ठेवली. ती वाकली, डाव्या हाताने कचरा पसरला, आणि कपट्यांच्या खालून तुझा पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला.

मी नाटक करत होतो. ती करत नव्हती.

रेकॉर्डिंग मिळालं. आधी बराच वेळ झाडू, मग माझी शीळ, मग ती, आणि त्यानंतर कुणीतरी खूप वेळ नाक ओढतंय. तो शेवटचा भाग कसा कापायचा ते लिहून पाठव. चित्राचं म्हणशील तर तुझा लाल दिवा तिने नाकारला, पोलिसाकडे तर बघितलंही नाही. ती स्वतःच जाऊन दारात उभी राहिली, डावा हात वर केला आणि मला कॅमेऱ्याकडे मानेने खुणावलं. तो फोटो लावलाय. सगळ्या चौकोनांत मी बोलतो, त्या एकात ती बोलते. मी दुसऱ्या खोलीत असलो आणि तिने तो दाबला की हातातलं काम टाकून उभा राहतो. आयुष्यभर राहत आलोय, सवय आहे. पण आता उभं राहताना जे वाटतं ते तेव्हा वाटत नव्हतं, आणि ते तुला सांगायला माझ्याकडेच शब्द नाही.

पेन ड्राइव्ह आता दोरी ओवून तिच्या गळ्यात आहे. माझ्यावर भरवसा नाही म्हणे. कॉम्प्युटर झकास चाललाय, हे खरं झकास. नव्या डिस्कवर इतकी जागा आहे की "उद्या"चा व्हिडिओ कसा करावा याचा विचार सुरू केलाय. माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. आपल्या गच्चीवर सकाळी कॅमेरा लावायचा आणि

हे पत्र तिला वाचून दाखवत दाखवतच लिहीत होतो. गच्चीच्या वाक्यापर्यंत आलो एवढ्यात तिने हात वर केला. मला वाटलं, चौकोन दाबणार. दाबला नाही. तोंडानेच म्हणाली.

तेव्हा थांबतो.

तुझा,
मामा